गॅसला वास कुणी दिला?

हायड्रोकार्बनचा पाठ शिकवताना एक अडचण येते. मिथेन, प्रोपेन आणि ब्युटेन हे रंगहीन व गंधहीन वायू आहेत, असे आपण फळ्यावर लिहितो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हेच वायू असतात, असेही सांगतो. मग मुले विचारतात, “गंधहीन आहे तर घरच्या गॅसला वास कसा येतो?” पुस्तक आणि स्वयंपाकघर यांच्यात विसंगती दिसली की बहुतेक मुले पुस्तक पाठ करतात आणि स्वयंपाकघरावर विश्वास ठेवतात.

उत्तर एका वाक्यात देता येते. तो वास गॅसचा नाही, तो मुद्दाम मिसळलेला आहे. पण एवढे सांगून थांबलो तर या विषयातला महत्त्वाचा भाग राहून जातो. गॅसमध्ये वास मिसळावा ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती सुचली, तपासली गेली, आणि तरीही बरीच वर्षे सर्वत्र वापरात आली नाही. ती सक्तीची झाली ती एका शाळेतल्या अपघातानंतर. घरातल्या सुरक्षिततेच्या ज्या सूचना आपण नुसत्या वाचून सोडून देतो, त्यांतल्या बऱ्याच सूचनांमागे असा काही इतिहास असतो. गॅसपुरता तो इतिहास आपण येथे पाहू.

आपोआप मिळालेला वास

घराघरांत पोहोचलेला पहिला गॅस गंधहीन नव्हता. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतो. १७९२ मध्ये विल्यम मर्डॉक याने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात, रेड्रुथ येथील आपल्या घरात या वायूचे दिवे लावले. १८१२ मध्ये लंडनमध्ये गॅस पुरवणारी कंपनी स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत युरोपातल्या मोठ्या शहरांत रस्त्याखालून नळ गेले. आपल्याकडे १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. संध्याकाळी शिडी घेऊन दिवे लावत जाणाऱ्या माणसाचे वर्णन जुन्या मुंबईच्या आठवणींत वाचायला मिळते.

कोळशाच्या या गॅसमध्ये सुमारे निम्मा हायड्रोजन, तिसरा हिस्सा मिथेन आणि काही टक्के कार्बन मोनॉक्साइड असे. शिवाय अमोनिया, बेंझिन आणि गंधकाची संयुगे यांचे अंश त्यात राहत. या अशुद्ध अंशांमुळे त्याला उग्र, नकोसा वास येई. लोक त्या वासाबद्दल तक्रारी करत. गॅसमध्ये गंधक किती असावे यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कायद्याने मर्यादाही घालण्यात आल्या. कारखान्यांचे रसायनतज्ज्ञ गॅस अधिकाधिक स्वच्छ करण्याच्या मागे होते.

त्या नकोशा वासाचा एक मोठा उपयोग होता. नळ फुटला किंवा दिव्याची चावी उघडी राहिली तर घरातल्या माणसाला ते लगेच कळे. कार्बन मोनॉक्साइडमुळे हा गॅस न जळताही विषारी होता. म्हणजे ज्याला लोक गॅसचा दोष समजत होते, तोच त्यांचा पहारेकरी होता. तो कुणी नेमलेला नव्हता, आयता मिळाला होता. त्यामुळे त्याची किंमतही कुणी फारशी केली नाही.

खाणीतले पहारेकरी

जेथे असा आयता पहारेकरी नव्हता, तेथे काय होत असे? त्यासाठी कोळशाच्या खाणीत जावे लागेल. खाणीत कोळशाच्या थरातून मिथेन झिरपत असतो आणि त्याला वास नसतो. १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही याने आपला प्रसिद्ध दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असल्याने ज्योतीची उष्णता जाळीत पसरते आणि बाहेरचा वायू पेटत नाही, हे आपण शिकवतोच. पण या दिव्याचे दुसरे काम तितकेच मोलाचे होते. हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपीसारखी झाक दिसू लागे आणि ज्योत लांब होई. न दिसणारा वायू दिव्याने डोळ्यांना दाखवला.

कार्बन मोनॉक्साइडला असा दिवा उपयोगी नव्हता. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने लहान प्राणी खाणीत नेण्याचा सल्ला दिला. लहान प्राण्यांचा श्वसनाचा वेग जास्त असल्याने विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. त्यातून कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे खाणीत गेले. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

दिवा काय किंवा पक्षी काय, दोन्हींमागचा विचार एकच आहे. जो धोका आपल्या इंद्रियांना कळत नाही, तो कळेल अशा रूपात आणायचा. मात्र घरातल्या माणसाने दिवसभर ज्योतीकडे किंवा पिंजऱ्याकडे बघत बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही. घरासाठी असा पहारेकरी हवा, जो आपण दुसऱ्या कामात असतानाही आपल्याला हाक मारील. नाकाला ते जमते. डोळे मिटता येतात, पाठ फिरवता येते, पण श्वास थांबवता येत नाही.

मुद्दाम दिलेला वास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘वॉटर गॅस’ वापरात आला. तापलेल्या कोकवरून पाण्याची वाफ नेली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण मिळते. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण यात पुष्कळच जास्त असते आणि वास जवळजवळ नसतो. म्हणजे अधिक विषारी आणि त्यातही मुका. १८८० च्या दशकात जर्मनीत क्वाग्लिओ याने या गॅसमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळण्याचा मार्ग सुचवला. गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम दुर्गंध देण्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

मरकॅप्टन हे नाव डॅनिश रसायनतज्ज्ञ झाइसे याने १८३० च्या दशकात दिले. पाऱ्याला पकडणारा, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ते तयार झाले, कारण ही संयुगे पाऱ्याशी चटकन संयोग पावतात. इथाइल अल्कोहोलच्या रेणूतील ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू ठेवला की इथाइल मरकॅप्टन होते. एका अणूच्या फरकाने वास किती बदलतो, हे सांगायला वर्गात याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. सडके कांदे, कुजकी कोबी असे या वासाचे वर्णन करतात. अब्ज भाग हवेत एक भाग इतका अंशही निरोगी नाकाला कळतो.

१९२० मध्ये अमेरिकेच्या खाणविभागाने वॉटर गॅस आणि नैसर्गिक वायू यांची गळती ओळखण्यासाठी कोणते दुर्गंध उपयोगी पडतील, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे प्रश्न कोणता आहे हे माहीत होते आणि त्याचे उत्तरही माहीत होते. काही कंपन्या वास मिसळतही होत्या. पण प्रत्येक ठिकाणी तो मिसळलाच पाहिजे, अशी सक्ती नव्हती.

न्यू लंडनची शाळा

१९३० मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्याच्या पूर्व भागात तेलाचा फार मोठा साठा सापडला. पाहता पाहता कापसाच्या आणि मक्याच्या शेतांतून तेलविहिरींचे मनोरे उभे राहिले. न्यू लंडन हे तिथले एक लहान गाव. तेलावरच्या करामुळे तिथल्या शाळेकडे भरपूर पैसा आला आणि तिने मोठी, पोलादी सांगाड्याची इमारत बांधली. इमारत उतारावर होती आणि तिच्या जमिनीखाली अडीचशे फुटांहून अधिक लांबीची बंदिस्त पोकळी राहिली होती. सर्व वर्ग वाफेने गरम ठेवणारी एकच बंब-व्यवस्था बसवण्याऐवजी वर्गावर्गांत मिळून ७२ गॅसच्या शेगड्या बसवण्यात आल्या.

तेलाबरोबर विहिरीतून वायूही येतो. त्यातला पेट्रोलचा अंश काढून घेतला की उरलेल्या वायूला त्या काळी गिऱ्हाईक नव्हते. तो जाळून टाकला जाई. हा टाकाऊ वायू वाहून नेणाऱ्या नळांना जोड देऊन फुकट गॅस घेण्याची त्या भागात रूढीच पडली होती. घरे, दुकाने, चर्च सगळीकडे हे चाले आणि कंपन्या तिकडे काणाडोळा करत. १९३७ च्या सुरुवातीला शाळेच्या संचालकांनीही विकतचा गॅस बंद करून अशी जोडणी करून घेतली. त्यामुळे महिन्याला सुमारे २५० ते ३०० डॉलर वाचणार होते. या वायूचा दाब कमीजास्त होई आणि त्याला वास नव्हता.

१८ मार्च १९३७, गुरुवार. लहान वर्ग सुटले होते. वरच्या वर्गांतली सुमारे ५०० मुले आणि ४० शिक्षक इमारतीत होते. जवळच्या दुसऱ्या इमारतीत पालक-शिक्षक सभा चालू होती. शाळा सुटायला काही मिनिटे उरली असताना, दुपारी तीननंतर, कार्यशाळेच्या शिक्षकांनी लाकूड घासायचे विजेचे यंत्र सुरू केले. स्विचमध्ये ठिणगी पडली असावी, असा निष्कर्ष पुढे काढण्यात आला. जमिनीखालच्या पोकळीत साठलेला वायू पेटला. पाहणाऱ्यांनी सांगितले की इमारत क्षणभर वर उचलली गेली आणि मग छप्पर व भिंती खाली कोसळल्या. सुमारे तीनशे जण गेले. बहुतेक नोंदींत २९५ च्या आसपास आकडा आढळतो. त्यांत बहुसंख्य मुले होती.

तेलविहिरींवरचे कामगार आपली यंत्रे घेऊन धावत आले. त्यांतले कित्येक त्याच शाळेतल्या मुलांचे वडील होते. रात्रभर पावसात काम करून सुमारे सतरा तासांत त्यांनी ढिगारा उपसला. ढिगाऱ्यात एक फळा मिळाला. त्यावर कुणीतरी लिहिले होते की तेल आणि नैसर्गिक वायू हे पूर्व टेक्ससला लाभलेले सर्वांत मोठे खनिज वरदान आहे आणि त्यांच्याशिवाय ही शाळा येथे नसती.

चौकशीत असे दिसले की जोडणीतल्या कुठल्यातरी दोषातून वायू झिरपत पोकळीत साठला आणि हवेशी मिसळला. अपघाताच्या आधी काही मुलांची डोकी दुखत होती, हेही लोकांच्या बोलण्यात आले. पण वर्गात कुणालाच वायू जाणवला नव्हता, कारण जाणवण्यासारखे त्यात काही नव्हते. कुणा एका व्यक्तीवर दोष ठेवला गेला नाही. संचालकांनी केले ते त्या भागात सगळेच करत होते.

यानंतर दोन महिन्यांच्या आत टेक्ससच्या विधिमंडळाने गॅसमध्ये दुर्गंध मिसळणे सक्तीचे करणारा कायदा केला. त्याच वर्षी अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही झाला. पुढे इतर राज्यांनी आणि देशांनी असेच नियम केले. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या काळात कोळशाच्या गॅसऐवजी समुद्रातून मिळालेला नैसर्गिक वायू घराघरांत गेला. तेव्हा जुन्या गॅसला आपोआप असलेला वास नव्या गॅसला मुद्दाम द्यावा लागला.

१९२० चा अभ्यास आणि १९३७ चा कायदा यांत सतरा वर्षांचे अंतर आहे. या सतरा वर्षांत रसायनशास्त्रात नवे काही शोधायचे उरले नव्हते. ज्ञान होते, पदार्थ होता, खर्चही नगण्य होता. विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण शोधाची तारीख सांगून पुढे जातो. तो शोध सामान्य माणसाच्या घरी कधी पोहोचला आणि कशामुळे पोहोचला, ही दुसरी तारीखही सांगायला हवी.

आपल्या स्वयंपाकघरात

भारतात सिलिंडरचा गॅस प्रथम आला तो मुंबईत. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने त्याची विक्री सुरू केली. १९६५ मध्ये इंडियन ऑइलने कलकत्त्यात पहिली जोडणी दिली. पुढची अनेक वर्षे गॅस ही शहरातल्या मध्यमवर्गाची गोष्ट होती आणि नंबर लावून वाट पाहावी लागे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमार्फत मुंबईत नळाने नैसर्गिक वायू घरोघर पोहोचू लागला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, देण्यात आली. चुलीच्या धुरातून सुटका झाली, ही मोठीच गोष्ट झाली. त्याचबरोबर ज्या घरांत आजवर कुणीही गॅस हाताळलेला नव्हता अशा कोट्यवधी घरांत तो गेला. सूचनांचे पत्रक सोबत गेले, पण त्या सूचनांमागची कारणे गेली असे म्हणता येणार नाही.

सिलिंडरच्या गॅसमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात. किती? दहा हजार गॅलन द्रव गॅसला एक पौंड, असे अमेरिकेत रूढ प्रमाण आहे. त्या हिशेबाने आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे एक तृतीयांश ग्रॅम भरेल. एवढ्याशा अंशावर सगळ्या घराची राखण चालते. गॅस जळताना तोही जळून जातो, म्हणून पेटलेल्या शेगडीला वास येत नाही. सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो, हे पुष्कळ घरांत अनुभवाला येते. त्याचे कारण उत्कलनबिंदूत आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली, तर इथाइल मरकॅप्टन सुमारे ३५ अंशांना. त्यामुळे प्रोपेन व ब्युटेन आधी बाहेर पडतात आणि तळाशी उरलेल्या द्रवात मरकॅप्टनचे प्रमाण वाढत जाते. ऊर्ध्वपातनाचा प्रयोग घरात रोज चालू असतो तो असा. मात्र वास आल्यावर ‘सिलिंडर संपत आला असेल’ असे म्हणून गप्प बसू नये. आधी गळती तपासावी.

सूचना आणि त्यांची कारणे

हवेत सिलिंडरच्या गॅसचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असेल तर मिश्रण पेटू शकते. नैसर्गिक वायूसाठी ही मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. एक हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच स्वयंपाकघराचे आकारमान २७ घनमीटर. त्याचे दोन टक्के म्हणजे ०.५४ घनमीटर. या गॅसचे एक घनमीटर सुमारे २.३ किलो भरते. म्हणजे सव्वा किलो गॅस सुटला तर सगळी खोली धोक्याच्या मर्यादेत येईल. पण सिलिंडरचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे तो खोलीभर सारखा न पसरता जमिनीलगत साठतो. तीस सेंटिमीटर उंचीच्या थरापुरता हिशेब केला तर साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस पुरतो. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला वास अंधुक येत असेल आणि पायाशी मात्र मिश्रण पेटण्याजोगे झालेले असेल.

एवढे लक्षात आले की पत्रकातल्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. त्या आपोआप सुचतात.

वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. न्यू लंडनला जी ठिणगी पुरली तीच आपल्याकडेही पुरते. दिवा लावताना जशी ठिणगी पडते तशी तो बंद करतानाही पडते. म्हणून चालू असलेला पंखा चालू राहू द्यावा आणि बंद असलेला दिवा बंद राहू द्यावा. फ्रिज आपोआप चालू-बंद होत असतो. तेव्हा मुख्य स्विच घराबाहेर असेल तर तेथून वीज बंद करावी, आत असेल तर तो सोडून द्यावा.

प्रथम रेग्युलेटर बंद करावा, मग दारे-खिडक्या उघडाव्यात. सिलिंडरचा गॅस खाली बसतो, म्हणून केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही. जमिनीपर्यंत उघडणारे दार आधी उघडावे. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. तेथे वरच्या झडपा आणि खिडक्या महत्त्वाच्या. आपल्या घरात कोणता गॅस आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा पडला तर नळीत वायूऐवजी द्रव जाऊ शकतो आणि एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवायचा असेल तर दाराला तळाशी भोके हवीत, नाहीतर न्यू लंडनच्या जमिनीखालची पोकळी आपण घरातच तयार करतो.

गळती कुठे आहे हे काडी ओढून कधीही पाहू नये. साबणाचे पाणी जोडांवर लावावे. बुडबुडे आले की जागा सापडली. रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती संपली की नळी बदलावी, मग ती दिसायला कितीही चांगली असो. रात्री झोपण्यापूर्वी आणि गावाला जाताना नुसती शेगडी नव्हे, रेग्युलेटर बंद करावा. गळती आवरत नसेल तर सर्वांना बाहेर काढून, घरापासून दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. गॅसगळतीसाठी हा मदतीचा क्रमांक आहे. फोन घरात उभे राहून करू नये.

नाकाच्या मर्यादा

एका पक्ष्यानेही या वासाचा इतिहासात भाग घेतला आहे. अमेरिकेतले टर्की गिधाड कुजणाऱ्या प्राण्यांचा माग वासाने काढते, आणि कुजताना इथाइल मरकॅप्टन बाहेर पडते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात गॅसच्या लांब नळांवर जेथे गळती असेल तेथे ही गिधाडे घिरट्या घालताना कंपनीच्या माणसांना दिसत. केनेथ स्टेजर या पक्षिशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये याची नोंद केली. आपल्याकडची गिधाडे वेगळ्या कुळातली असून ती भक्ष्य डोळ्यांनी शोधतात.

माणसाचे नाक मात्र इतके भरवशाचे नाही. एकाच वासात काही वेळ राहिले की तो जाणवेनासा होतो. अत्तराच्या दुकानातला किंवा मासळीबाजारातला माणूस याची साक्ष देईल. सर्दीत आणि उतारवयात वास कमी येतो. २०२० नंतर कोविडमुळे पुष्कळ लोकांची घ्राणशक्ती काही काळ गेली होती. गंजलेल्या पोलादी भांड्यात मरकॅप्टनचे ऑक्सिडीकरण होऊन वास फिका पडतो. गॅस मातीतून झिरपत आला तर माती वास शोषून घेते. म्हणून घरात एकट्या आजी-आजोबांनी गॅस वापरायचा असेल तर वास येईल या भरवशावर राहू नये. रेग्युलेटर बंद करण्याची सवय आणि वेळच्या वेळी होणारी तपासणी हीच तेथे खरी राखण आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मिसळलेला वास न जळलेल्या गॅसची सूचना देतो. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तेव्हा मरकॅप्टन जळून गेलेले असते. बंद न्हाणीघरातला गॅस-गीझर यासाठीच धोक्याचा आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो आणि माणूस काही कळण्याआधी बेशुद्ध होतो. तेथे नाक काहीही सांगत नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच खात्रीचा उपाय. निळी ज्योत पिवळी पडू लागली, भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नर तपासून घ्यावा. ही त्या न दिसणाऱ्या वायूची दिसणारी खूण आहे.

म्हणजे वास मिसळल्याने सुरक्षिततेचे अर्धेच काम होते. तो धोका घडत असल्याचे सांगतो, पुढचे सारे घरातल्या माणसावर सोडतो. आणि आपल्याकडे हा माणूस बहुधा घरातली बाई असते किंवा आईच्या हाताखाली काम करणारी मुलगी. पत्रक तिच्यासाठी छापलेले असते, पण समजावून सांगण्याचा कार्यक्रम पुष्कळदा पुरुषांपुढे होतो. आपल्या वर्गात ही मुलगी बसलेली असते. ठिणगी का पडते, जड वायू कुठे जातो, बुडबुडे का येतात, हे तिला कळले तर ती पत्रकात न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य तेच करील. ओट्याखालच्या बंद कपाटात सिलिंडर ठेवला जात असेल तर ती घरच्यांना कारणासह थांबवू शकेल.

न्यू लंडनच्या जागेवर १९३९ मध्ये नवी शाळा बांधली गेली आणि समोर ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले. त्या मुलांचे दुसरे स्मारक आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. वर्गात ‘गंधहीन’ हा शब्द फळ्यावर लिहाल, तेव्हा गॅसला हा वास का द्यावा लागला, हेही मुलांना अवश्य सांगावे.